पाण्याचा आठवडा आणि एक बूच: थीम कोणाची, मुलांची की शिक्षिकेची?

बालवर्गताई

नमस्कार. मी चार ते पाच वर्षांच्या मुलांच्या वर्गावर शिकवते. यंदा आमच्या शाळेने दर आठवड्याला एक विषय घेऊन त्याभोवती सारे उपक्रम गुंफायचे ठरवले आहे, आणि त्याच वेळी मुलांनी स्वतः शोधून शिकावे असेही आम्हांला सांगितले आहे. दोन्ही गोष्टी मला मनापासून पटतात. प्रत्यक्ष वर्गात मात्र त्या एकमेकींच्या आड येताना दिसल्या, म्हणून हा धागा काढते आहे.

गेल्या आठवड्याचा विषय 'पाणी' होता. मी भिंतीवर निळ्या कागदाच्या लाटा लावल्या, पाण्याचे गाणे बसवले, थेंबाच्या आकारात निळे तुकडे चिकटवण्याचा उपक्रम आखला आणि पाण्याचे उपयोग दाखवणारी रंगवायची चित्रपत्रिका तयार केली. चिकट बोटे बुडवण्यासाठी कोपऱ्यात एका घमेल्यात पाणी भरून ठेवले होते. एक मुलगा त्या घमेल्यापाशी गेला आणि बाटलीचे एक बूच पाण्याखाली दाबून सोडू लागला. बूच वर यायचे, तो पुन्हा दाबायचा. मग त्याने ते उलटे धरून दाबले, आडवे धरून दाबले, तळाशी दोन बोटांनी धरून बराच वेळ वाट पाहिली आणि सोडल्यावर ते पुन्हा वर आले तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, त्याला खाली राहायचंच नाही." तो जवळजवळ ४० मिनिटे तिथे होता. त्याचा थेंब चिकटवायचा राहिला आणि चित्रपत्रिका कोरीच राहिली.

पालकांना दाखवण्यासाठी भिंतीवर थेंब लावले तेव्हा ते २९ भरले, सगळे जवळपास सारखे. त्या दिवशी पाण्याचा सर्वांत जास्त विचार ज्या मुलाने केला होता, नेमका त्याचाच थेंब त्यांत नव्हता.

मी त्याला हाक मारून उपक्रमाला बसवायला हवे होते का? आणि विषय, साहित्य, शेवटी तयार होणारी वस्तू हे सारे शिक्षिकेनेच आधी ठरवलेले असताना मुलांना शोधायला नेमके काय उरते? आपले अनुभव वाचायला आवडतील.

माती_आणि_पाणी

तुम्ही हाक मारली नाहीत हे योग्यच झाले. मात्र दोष थीमला देऊ नये असे मला वाटते. 'पाणी' हे नुसते नाव आहे आणि नावाभोवती उपक्रम रचले की सजावट तयार होते. शोध सुरू व्हायचा असेल तर नावाच्या जागी प्रश्न हवा, आणि तो मुलाला हातांनी सोडवता येईल इतका लहान हवा.

मी याच विषयासाठी एक टब आणि एक टोपली ठेवते. टोपलीत खडा, किल्ली, पीस, लाकडी ठोकळा, चमचा, झाकण अशा वस्तू असतात आणि बाजूला दोन आसने असतात, एक तरंगणाऱ्या वस्तूंसाठी आणि एक बुडणाऱ्या वस्तूंसाठी. वस्तू पाण्यात सोडण्यापूर्वी मुलाने ती कोणत्या तरी एका आसनावर ठेवायची असते. या पायरीला मी फार महत्त्व देते, कारण अंदाज न करता वस्तू पाण्यात टाकली तर मूल फक्त पाहते. अंदाज केलेला असेल तर ते ताडून पाहते. बहुतेक मुले पहिल्या दिवशी 'जड ते बुडते' असा नियम करतात. मग मोठा ठोकळा तरंगतो, छोटीशी किल्ली तळ गाठते आणि टबाभोवती एकदम शांतता पसरते. त्या शांततेत बोलायचे नाही, एवढे मी अनेक वर्षांनी शिकले.

तिसऱ्या दिवशी मी मळलेल्या मातीचा एक गोळा तिथे ठेवला. गोळा बुडाला. एका मुलीने तो थापून वाटीसारखा केला, तर वाटीही बुडाली, कारण एका बाजूला भोक राहिले होते. पुढच्या दोन दिवसांत १५-२० वाट्या बुडाल्या असतील आणि मग एक तरंगली. ती मी सुचवलेली नव्हती. माती ठेवणे एवढेच माझे काम होते.

वाचनमात्र

चित्रपत्रिकेच्या जागी भिंतीवर "त्याला खाली राहायचंच नाही" हे वाक्य मुलाच्या नावासह लावावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

उंबरठा

मी पालक म्हणून लिहितो आहे आणि माझा सूर थोडा वेगळा आहे. माझी मुलगी अशाच एका वर्गात जाते. "आज काय केलंस?" असे विचारले की "खेळले" एवढेच उत्तर येते. कपडे चिखलाने भरलेले असतात, तिच्या चेहऱ्यावर आनंद असतो आणि त्या आनंदाची किंमत मला कळते. पण तिच्याच वयाची शेजारची मुले अक्षरे लिहितात, शंभरापर्यंत म्हणतात. दीड वर्षाने ही मुले एकाच पहिलीच्या वर्गात बसणार आहेत. तेव्हा बूच पाण्याखाली राहत नाही हे माहीत असल्याचा तिला काय उपयोग होईल, हा प्रश्न मी कुत्सितपणे विचारत नाही. मला खरोखर उत्तर हवे आहे.

जुने_दप्तर

बालवर्गताईंना जो पेच जाणवला आहे तो जुना आहे, कारण ज्या दोन कल्पना आपण आज एका दमात उच्चारतो त्यांची कुळे वेगळी आहेत.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी १८३७ साली जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. त्यांनी लोकरीचे चेंडू, गोल, घन, वृत्तचिती, ८ लहान घनांत विभागलेला मोठा घन अशी खेळसाधने क्रमाने रचली. मूल त्यांच्याशी खेळताना भाग आणि पूर्ण यांचे नाते अनुभवेल, असा त्यामागचा विचार होता. इटालियन डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत सुरू झाले. त्यांच्या पद्धतीत आठवड्याची थीम नसते. तिथे साधनच मुलाला त्याची चूक दाखवते. खाचांच्या ठोकळ्यात वेगवेगळ्या मापांच्या १० दट्ट्या असतात. एक दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला की शेवटी एक दट्ट्या आणि एक खाच अशी उरतात की त्यांचे जुळतच नाही. शिक्षिकेने "चुकलं" असे म्हणण्याची गरज पडत नाही.

विषयाभोवती सारे ज्ञान गुंफण्याची परंपरा दुसरीकडून आली. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ साली शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून शाळा काढली. सुतारकाम, विणकाम अशा खऱ्या कामांतून मोजमाप, इतिहास आणि भाषा शिकता येतात हे त्यांना दाखवायचे होते. त्यांचे विद्यार्थी किलपॅट्रिक यांनी १९१८ साली 'प्रकल्प पद्धत' मांडली, तेव्हा प्रकल्पामागचा हेतू मुलाने मनापासून स्वीकारलेला असावा यावर त्यांचा भर होता. आपण शंभर वर्षांत प्रकल्प ठेवला आणि त्यातला हेतू मात्र मुलाकडून शिक्षिकेच्या टाचणवहीत नेऊन ठेवला. २९ सारखे थेंब तिथून आले आहेत.

काटेकोर

मी पहिली-दुसरीला वाचन शिकवते आणि इथल्या उत्साहाला थोडा आवर घालू इच्छिते.

मुलाला सगळे शोधता येत नाही. बूच तरंगते हे त्याला शोधता येईल, कारण पाणी त्याला उत्तर देते. पण 'क' या आकाराला 'क' म्हणायचे हे जगातले कोणतेही घमेले त्याला सांगणार नाही. तो माणसांनी आपसांत केलेला करार आहे आणि करार सांगावाच लागतो. वस्तू हाताळून मिळणारे ज्ञान, वस्तूंमधले संबंध मनात जुळवून होणारे ज्ञान आणि समाजाकडून मिळणारे ज्ञान, असा भेद स्विस बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या विचारातही आहे. बालशिक्षणावर बोलताना आपण पहिल्या दोन प्रकारांचे कौतुक करतो आणि तिसरा प्रकार विसरतो. मग ज्या मुलाला घरी गोष्टी वाचून दाखवणारे कोणी आहे ते तरून जाते आणि ज्याला कोणी नाही ते 'स्वतः शोधेल' या भरवशावर मागे राहते. स्वयंशोध या शब्दाआडून होणारा हा अन्याय मी दरवर्षी जूनमध्ये माझ्या वर्गात पाहते, म्हणून इतक्या कळकळीने लिहिते आहे.

किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी २००६ साली एक बहुचर्चित लेख लिहिला. नवशिक्या विद्यार्थ्याला फारसे मार्गदर्शन न देता सोडून दिले, तर त्याच्या कार्यकारी स्मृतीवर, म्हणजे एका वेळी मनात धरून विचार करण्याच्या क्षमतेवर, इतका भार पडतो की शिकण्यासाठी जागाच उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मला तो पुष्कळसा पटतो.

माती_आणि_पाणी

काटेकोर, तुमचा करार आणि पाणी हा भेद मला फार उपयोगी वाटला आणि मी तो माझ्या सहकाऱ्यांनाही सांगणार आहे. मुलांना अक्षरे सांगावी लागतात हे मला मान्य आहे. दुसऱ्या बाजूने मात्र एका प्रयोगाचा उल्लेख करते, जो २०११ साली प्रसिद्ध झाला. चार करामती असलेले एक नवे खेळणे लहान मुलांना दाखवले. काही मुलांना मोठ्या व्यक्तीने शिकवण्याच्या सुरात "हे असं चालतं" असे सांगून एकच करामत दाखवली, तर काहींसमोर तीच करामत चुकून घडल्यासारखी केली. ज्यांना शिकवले गेले ती मुले नंतर खेळण्याशी कमी वेळ खेळली आणि उरलेल्या करामतीही त्यांना कमी सापडल्या. मोठ्यांनी सांगितले तेवढेच असणार, असा मुलांनी केलेला तर्क तसा शहाणपणाचाच आहे. म्हणून सांगावे, पण काय सांगायचे आणि काय झाकून ठेवायचे याचा निर्णय दर वेळी करावा. माझ्या टबाशेजारच्या दोन आसनांवर 'तरंगते' आणि 'बुडते' हे शब्द मी लिहून ठेवते आणि वाचूनही दाखवते. तो करार आहे. कोणती वस्तू कोणत्या आसनावर जाईल हे मात्र मी कधीही सांगत नाही.

उंबरठा, तुमच्या प्रश्नाचे उत्तरही मला याच आसनांजवळ सापडते. चार दिवसांत माझ्या वर्गातली बरीच मुले ते दोन शब्द ओळखू लागली, कारण त्यांना ते लागत होते. टोपलीतल्या वस्तू दोन ढिगांत आल्या की "कुठे जास्त?" हा प्रश्न मुलेच विचारतात आणि मग एकेक वस्तू समोरासमोर लावून मोजतात. शंभरापर्यंत म्हणता येणे आणि सात वस्तू म्हणजे किती हे कळणे यांत फार अंतर आहे. तुमच्या मुलीला "आज काय केलंस?" असे विचारण्याऐवजी "आज काय बुडालं?" असे विचारून पाहा.

चौकट

सर्वांचे प्रतिसाद आदराने वाचले, पण माझ्या वर्गात ३८ मुले आहेत, मी एकटी आहे आणि मदतनीस अर्धा वेळ असते. इथे वर्णन केलेली शांतता, ते थांबणे, ते पाहत राहणे माझ्या खोलीत शक्य नाही. चार मुले टबाशी असतील तेव्हा उरलेली ३४ काय करत असतात, हे कृपया कोणीतरी लिहावे. साहित्यावर खर्च करण्याची ऐपतही शाळेला नाही.

सावलीवेडी

चौकट, माझ्या वर्गात ३५ मुले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. सगळ्यांनी एकाच वेळी एकच गोष्ट करायची हा आग्रह सोडल्याशिवाय हे जमत नाही. मी पाच कोपरे करते: ठोकळे, चित्रे आणि पुस्तके, माती, घर-घर आणि पाचवा त्या विषयाच्या प्रश्नाचा. पहिल्या चार कोपऱ्यांत काय करायचे ते मुलांना महिन्याभराच्या सवयीने ठाऊक असते, त्यामुळे माझे लक्ष पाचव्याकडे राहू शकते. प्रत्येक कोपऱ्याशी खुंट्यांवर गळ्यात घालायच्या दोऱ्या टांगलेल्या असतात. दोरी शिल्लक नसेल तर कोपरा भरला. माणसापेक्षा दोरीने सांगितलेला नियम मुले लवकर मानतात.

हे बसवायला मला पूर्ण सहा आठवडे लागले आणि त्या काळात मी नवा विषय घेतलाच नाही. साहित्य उचलणे, वापरणे, पुसून जागेवर ठेवणे, वाट पाहणे, हेच तेव्हाचे शिक्षण होते. पाण्याचे भांडे उथळ असावे, ते कायम नजरेच्या टप्प्यात असावे आणि वेळ संपताच ते ओतून टाकावे. घशात अडकतील अशा बारीक वस्तू तीन वर्षांखालील मुलांच्या हाती जाऊ नयेत. एवढे पथ्य पाळावेच लागते.

जुने_दप्तर

चौकट यांच्या खर्चाच्या मुद्द्यावर एक आठवण करून द्यावीशी वाटते. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती, म्हणून खडे, शिंपले, पाने, बिया, काड्या हीच साधने झाली. वर्गीकरण, क्रम लावणे, मोजणे यांसाठी ती पुरेशी ठरली. मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्याचा मार्ग त्यांनी धरला आणि 'अंगणवाडी' ही कल्पना तिथे रुजली. पैशांअभावी स्वयंशोध अडतो असे मला वाटत नाही. वेळेअभावी तो अडतो, आणि एका आठवड्यात विषय गुंडाळायचा असेल तर हटकून अडतो.

वाचनमात्र

'एका आठवड्यात विषय गुंडाळणे' हीच या धाग्याची खरी तक्रार आहे असे मला वाटू लागले आहे.

अबोली

मला एका वेगळ्या बाजूने विचारायचे आहे. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे आणि मातीला, रंगाला, चिकट वस्तूंना हात लावत नाही. वर्गात तो कडेला उभा राहून इतरांना पाहतो. शाळेकडून दर महिन्याला 'सहभाग घेत नाही' असा शेरा येतो. ज्या पद्धतीत हातांनी करण्यालाच शिकणे म्हणतात, त्या पद्धतीत अशा मुलाचे स्थान काय?

माती_आणि_पाणी

अबोली, तुमचा प्रतिसाद वाचून मला आमच्या क्षेत्राच्या भाषेविषयी वाईट वाटले. अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे जे प्रकार नोंदवले, त्यांत इतरांचा खेळ लक्ष देऊन पाहत राहणे हा एक स्वतंत्र प्रकार आहे. रिकामे बसणे हा प्रकार त्यांनी वेगळा मांडला आहे. तुमचा मुलगा कदाचित कडेला उभा राहून पुष्कळ काही टिपत असेल. त्याला मातीऐवजी कोरडी वाळू, चमचा, लांब दांड्याचे पळे, झाकणबंद पारदर्शक डबीत पाणी आणि चमकी असे काही द्यावे, म्हणजे हात न भरवता त्याला प्रयोग करता येईल. माझ्या वर्गातल्या एका मुलाने वर्षभर माती हातात घेतली नाही, पण कोणाची वाटी का बुडाली हे तोच अचूक सांगायचा, आणि मुले वाटी सोडण्यापूर्वी त्याला दाखवायला आणू लागली. मात्र घरीही कपड्यांचा स्पर्श, आवाज, अंघोळ यांचा त्याला त्रास होत असेल, तर बालविकासाच्या तज्ज्ञांना एकदा अवश्य दाखवावे. वाट पाहणे आणि दुर्लक्ष करणे यांत फरक आहे.

सावलीवेडी

माझे सदस्यनाव ज्या प्रसंगावरून पडले तो इथे सांगते, कारण त्यावर मला मतेही हवी आहेत.

'सावली' हा विषय होता. सकाळी अंगणात मुलांनी जोडीजोडीने एकमेकांच्या सावल्या खडूने आखल्या आणि दुपारी घरी जाण्यापूर्वी आम्ही पुन्हा तिथे गेलो. पावलांच्या खुणांवर उभे राहिल्यावर सावली आखलेल्या रेषेत बसेना. ती आखूड झाली होती आणि दुसऱ्याच बाजूला गेली होती. एक मुलगी म्हणाली, "कोणीतरी आपली चित्रं सरकवली." दुसरा म्हणाला, "आपण मोठे झालो." तिसऱ्याचे म्हणणे होते की सावली दुपारी झोपते म्हणून अंग चोरून घेते. चौथीने वर पाहिले, पण ती काही बोलली नाही.

उत्तर माझ्या ओठांवर होते आणि ते मी गिळले. दुसऱ्या दिवशी मी विचारले, "चित्र सरकवलं का हे कसं कळेल?" बऱ्याच चर्चेनंतर असे ठरले की चित्रावर दगड ठेवून पहारा करायचा. पाळ्या लावून मुले बसली. दगड हलला नाही, सावली मात्र हलली. मग पहारेकऱ्यांपैकी एकाने काठी रोवून दर थोड्या वेळाने रेष आखायला सुरुवात केली. पाचव्या दिवशी त्या वर पाहणाऱ्या मुलीने सांगितले की सूर्य या बाजूला आला की सावली त्या बाजूला पळते. वर्गातल्या सगळ्यांना ते पटले नाही. सावली झोपते असे म्हणणारा मुलगा शेवटपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिला आणि मी त्याला तसाच घरी जाऊ दिले.

काटेकोर

सावलीवेडी, दगडाचा पहारा वाचून मी फार आनंदले. तरीही शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. पाच दिवस पुरावा समोर ठेवूनही एका मुलाची समजूत बदलली नाही, तर सहाव्या दिवशी त्याला खोलीत बोलावून, अंधार करून, विजेरी आणि एक बाहुली देऊन "सावली आखूड करून दाखव" असे सांगणे हे तुमचे कर्तव्य होते. त्याने त्याचे मत का धरले आहे हे तुम्हांला तेव्हाच कळले असते. मुलाच्या कल्पनेचा मान राखणे म्हणजे तिला हात न लावणे, असे मी मानत नाही.

सावलीवेडी

काटेकोर, विजेरीचे मला सुचले नव्हते, हे मोकळेपणाने मान्य करते. त्या मुलाच्या बोलण्यातली काव्यात्मकता मला इतकी आवडली होती की मी ती जपत बसले आणि त्याच्या विचाराला पुढची पायरी देण्याचे राहून गेले. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की ज्याला निकटच्या विकासाचे क्षेत्र म्हणतात, म्हणजे मूल एकटे पोहोचत नाही पण जाणत्याच्या आधाराने पोहोचते ती जागा, ती मी तिथे मोकळी सोडली. या वेळी सावलीचा विषय घेईन तेव्हा विजेरी ठेवीन.

उंबरठा

मी मुलीला "आज काय बुडालं?" असे खरोखर विचारले. ती २० मिनिटे बोलत होती. माझी काळजी पूर्ण मिटलेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. अशा शिक्षणाचा पुढे उपयोग होतो याला काही दीर्घकालीन आधार आहे का?

जुने_दप्तर

अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलांटी येथे १९६२ साली पेरी बालशाळेचा अभ्यास सुरू झाला. गरीब कुटुंबांतली १२३ मुले दोन गटांत विभागली होती. ५८ मुलांना बालशाळा मिळाली, ६५ मुलांना मिळाली नाही. त्यांचा मागोवा वयाच्या ४० व्या वर्षापर्यंत आणि त्यानंतरही घेतला गेला. ४० व्या वर्षीच्या नोंदींत बालशाळेत गेलेल्या गटाचे शालेय शिक्षण आणि कमाई जास्त होती, तर अटकेच्या नोंदी कमी होत्या. त्या वर्गात मुले आज काय करायचे ते आधी ठरवत, मग करत आणि शेवटी काय केले ते सांगत. उंबरठा, तुमच्या मुलीचे ते २० मिनिटांचे बोलणे म्हणजे या तिसऱ्या पायरीचाच भाग आहे.

काटेकोर

यात एक भर घालणे आवश्यक आहे. तो अभ्यास चांगली बालशाळा आणि बालशाळाच नसणे यांची तुलना करतो. स्वयंशोध आणि थेट शिकवणे यांची ती तुलना नाही, शिवाय गट लहान होता आणि त्या शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईलाही भेटत असत. एखाद्या पद्धतीचा विजय म्हणून तो वाचू नये.

जुने_दप्तर

दुरुस्ती पूर्णपणे मान्य आहे. मीच ते लिहायला हवे होते.

चौकट

सावलीवेडी यांच्या सांगण्याप्रमाणे मी खुंट्यांवर दोऱ्या टांगल्या. पहिला आठवडा फार अवघड गेला. दोऱ्यांवरूनच भांडणे झाली. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी सलग दहा मिनिटे एका कोपऱ्याशी बसून फक्त पाहू शकले. या वर्षात असे प्रथमच घडले. ठोकळ्यांशी खेळणाऱ्या एका मुलीला पूल बांधायचा होता आणि आडवा ठोकळा दोन खांबांच्या मध्ये पडत होता. तिने खांब जवळ आणले. एवढेच घडले, पण ते मी पाहिले.

बालवर्गताई

जवळपास महिन्याने परत येते आहे. प्रत्येक प्रतिसाद मी एकाहून अधिक वेळा वाचला.

मी मुख्याध्यापिकांशी बोलले आणि 'पाणी' हा विषय आणखी दोन आठवडे चालू ठेवण्याची परवानगी घेतली. पालकांना भिंतीवर काहीतरी दिसायला हवे असा त्यांचा रास्त आग्रह होता. तेव्हा मी मुलांची वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहून, त्यांची चित्रे आणि छायाचित्रे शेजारी लावली. पहिले वाक्य "त्याला खाली राहायचंच नाही" हेच होते. इटलीतील रेज्जो एमिलियाच्या बालशाळांमध्ये मुलांच्या विचारांच्या अशा नोंदी भिंतींवर मांडतात हे पूर्वी वाचले होते. ते करताना किती ऐकावे लागते हे आता कळले. पालक त्या भिंतीपाशी थेंबांपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. एका आईंनी अक्षरांचे काय, असे विचारले. काटेकोर, तुमचा करार मी त्यांना समजावून सांगितला, आणि माझ्या वर्गात रोज दहा मिनिटे अक्षरांची ओळख मी थेट करून देते हेही सांगितले. ते मी बंद करणार नाही.

आता त्या मुलाविषयी. मी घमेल्याशेजारी मातीचा गोळा आणि दोरा ठेवला आणि विचारले, "त्याला खाली राहायला लावता येईल का?" त्याने बुचाला दोऱ्याने खडा बांधला, तो सुटला. मग त्याने बुचाला माती लावली. बूच थोडे खाली गेले, पण तरंगतच राहिले. त्याने आणखी माती लावली, आणि एका क्षणी ते तळाशी गेले. मला वाटले, झाले. पण त्याने ते वर काढून चिमूटभर माती काढली आणि पुन्हा सोडले. पुढचे दोन दिवस तो आणि त्याची एक मैत्रीण मिळून माती लावत आणि काढत होती, कारण आता त्यांना ते मधोमध उभे करायचे होते. ते अजून साधलेले नाही.

अडचण अशी आहे की वार्षिक नियोजनाप्रमाणे सोमवारपासून 'वाहने' हा विषय सुरू होतो. कागदी चाकांचा उपक्रम आधीच छापून आला आहे. आज घरी जाताना त्या मुलाने मला विचारले, "ताई, घमेलं सोमवारी असेल ना?" मी अजून उत्तर दिलेले नाही.

माती_आणि_पाणी

होडी हेही वाहनच आहे. घमेले उचलू नका.